दिव्याखाली अंधार, आभाळात उजेड

थेरगावच्या आभाळात आता रात्र होत नाही. सूर्य मावळतो, घड्याळात नऊ वाजतात, बारा वाजतात, तिसऱ्या पाळीची बस डांगे चौकातून निघून जाते, पण वर पाहावे तर आभाळ काळे दिसतच नाही. वाकड-हिंजवडीच्या बाजूला मळकट पांढरा उजेड साचलेला असतो, चिंचवडच्या बाजूला तसाच. पावसाळ्यात ढग खाली आले की हा उजेड ढगांवर आपटून पुन्हा आपल्या अंगणात उतरतो. चांदण्या मोजायला हाताची बोटे पुरतात. ज्यांनी पवनेच्या काठी शेते पाहिली, त्या थेरगावच्या जुन्या माणसांना विचारा. ते सांगतील, की अमावस्येला आभाळ चांदण्यांनी भरून जायचे आणि मृगाच्या तोंडावर झाडांवर काजवे लुकलुकायचे. आजच्या पोरांना काजवा पुस्तकातच पाहावा लागतो.

वाचकहो, प्रदूषण म्हटले की आपल्याला काय आठवते? धुराड्यातून निघणारा धूर, नदीत सोडलेले फेसाळ सांडपाणी, मिरवणुकीतला कानठळ्या बसवणारा डीजे. पण उजेडाचेही प्रदूषण असते असे कुणी म्हटले, तर आपल्यापैकी बरेच जण हसतील. उजेड तर चांगला! उजेड म्हणजे ज्ञान, उजेड म्हणजे प्रगती! मग त्याचे प्रदूषण कसे?

म्हणूनच या विषयाचा विचार आज आपण सर्वांनी, घरातल्या मायमाउलींसह, करायला हवा असे आम्हांस वाटते.

आपल्याला उजेड उशिरा मिळाला

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या लोकांना "दिवे कमी लावा" असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पुष्कळ गावांत वीज आली तेव्हा पहिले खांब वेशीच्या आत रोवले गेले. आपल्या वस्तीपर्यंत तार यायला त्यानंतर कैक वर्षे लागली. आपल्या आयाबायांनी रॉकेलच्या चिमणीवर स्वयंपाक केला, आपल्या मागच्या पिढीतली कितीतरी मुले रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकली. विजेचा दिवा आपल्यासाठी चैन कधीच नव्हता. तो हक्क होता आणि आजही आहे.

आजही थेरगाव, काळेवाडी, रहाटणीच्या चाळींतून आणि पत्र्याच्या खोल्यांतून हिंडून पाहा. मोठ्या रस्त्यावर पिठासारखा उजेड सांडलेला असतो. पण गल्लीच्या आत, सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर, जिथे आपल्या लेकीबाळींना रात्रीअपरात्री जावे लागते, तिथला दिवा बंद पडला तर तो चालू होईपर्यंत अर्जावर अर्ज करावे लागतात. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या वस्त्यांना तंतोतंत लागू पडते.

तेव्हा आमचे म्हणणे दिवे विझवा असे नाही. उजेड कुठे पडतो, कुणाच्या उपयोगी पडतो आणि कुणाच्या डोळ्यांत जातो, याचा हिशेब मागा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उजेड सांडतो कसा?

नळाखाली घागर ठेवली आणि निम्मे पाणी बाहेर सांडले, तर आपण लगेच ओरडतो. दिव्याचेही तसेच आहे. दिवा लावायचा तो जमिनीवर, वाटेवर, कामाच्या जागेवर उजेड पडावा म्हणून. पण दिव्याला वरून टोपी नसेल, तो तिरका लावला असेल किंवा इमारतीच्या भिंतीवर खालून वर झोत सोडला असेल, तर उजेडाचा मोठा हिस्सा सरळ आभाळात जातो. तिथे हवेतली धूळ, धूर आणि बाष्प यांच्या कणांवर आपटून तो चहूकडे पसरतो. शहरावर जे पांढरट छत दिसते ते यातूनच तयार होते. आपल्या औद्योगिक पट्ट्यात बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर कमी नाही, त्यामुळे हे छत अधिकच दाट होते.

याचे तीन प्रकार सांगता येतील. पहिला, आभाळ उजळणे. दुसरा, डोळे दिपणे. समोरून झोत आला की खड्डा दिसत नाही, आणि मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तर काहीच दिसत नाही. तिसरा, दुसऱ्याच्या घरात घुसणारा उजेड. रस्त्यापलीकडच्या फलकाचा किंवा टॉवरचा उजेड आपल्या अंथरुणावर पडतो, तो हा.

दिव्याचा रंगही महत्त्वाचा आहे. पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे असत. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसवण्याची मोठी मोहीम झाली. एलईडीने वीज वाचते हे खरे आहे आणि ते चांगलेच आहे. पण पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळ्या रंगाचा अंश जास्त असतो. निळा उजेड हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते तेही याच कारणाने. शिवाय वीज स्वस्त पडली म्हणून एका दिव्याच्या जागी चार दिवे आले. बचत गेली कुठे? आभाळात!

आकडाच पाहायचा तर असा आहे. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे माप. शहरातल्या रस्त्यावरच्या दिव्याखाली हाच उजेड साधारण १० ते ३० लक्स असतो, म्हणजे पौर्णिमेच्या चाळीस ते सव्वाशे पट. लाखो वर्षे ज्या सजीवांनी पौर्णिमेहून मोठा उजेड रात्री कधी पाहिलाच नाही, त्यांच्यावर आपण काय आणून ओतले आहे याची यावरून कल्पना यावी.

रात्रपाळीचा माणूस आणि पत्र्याची खोली

आमच्या ओळखीचे एक कामगार बंधू चाकणला जातात. पाळी दर आठवड्याला बदलते. तिसरी पाळी असली की ते सकाळी घरी येतात आणि दिवसा झोपायचा प्रयत्न करतात. वर पत्रा तापलेला, बाहेर पोरांचा आणि भाजीवाल्याचा गलका. झोप होते ती तीन-चार तासांची. पहिली पाळी असली म्हणजे रात्री तरी नीट झोप लागावी, तर त्यांच्या खोलीसमोर एक जाहिरातीचा फलक आहे, तो पहाटेपर्यंत रंग बदलत राहतो. त्यांच्या पत्नीने खिडकीला जुने लुगडे दुहेरी करून बांधले आहे. त्या माउलीने आम्हाला एकदा सगळे गणितच मांडून दाखवले : "उजेड येतो म्हणून खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून उकाडा, उकाडा म्हणून रात्रभर पंखा, आणि पंख्याचं बिल आमच्या नावावर. जाहिरात त्यांची, भाऊ, बिल आमचं!"

हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. ते कसे चालते हे शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, हॉल, रोसबॅश आणि यंग यांना, २०१७ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. या घड्याळाला चावी देतो तो उजेड. अंधार पडला की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचा स्राव सोडू लागते. आता विश्रांतीची वेळ झाली, असा निरोप तो शरीराला देतो. रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला, विशेषतः निळसर पांढरा उजेड, तर हा स्राव कमी होतो. झोप उथळ होते, सकाळी अंग जड राहते, मन चिडचिडे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला २००७ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळीच्या कामाबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला रोग होणारच असा नाही. कुणी घाबरून जाऊ नये. आणि हा निष्कर्ष रात्रीच्या कामाविषयी आहे, रस्त्यावरच्या फलकाविषयी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ज्याच्या शरीरावर पाळीचा एवढा ताण आहे, त्याला घरी आल्यावर तरी अंधार मिळू नये काय? ज्यांचे घर पंधराव्या मजल्यावर आहे, ते जाड पडदे लावतात आणि वातानुकूलन यंत्र चालू करतात. पत्र्याच्या खोलीतल्या माणसाचे काय? उजेडाचे प्रदूषणही शेवटी गरिबाच्याच उशाशी येऊन बसते.

मुक्या जिवांची रात्र

खेड्यातून आलेल्या आपल्या वाचकांना प्रकाश सापळा ठाऊक असेल. हुमणीचे भुंगेरे मे-जूनमध्ये बाहेर पडतात, तेव्हा कृषी खाते शेतात दिवा लावून खाली पाण्याचे घमेले ठेवायला सांगते. भुंगेरे दिव्यावर झेपावतात आणि पाण्यात पडून मरतात. शेतकरी हे जाणूनबुजून, पिकाचा शत्रू मारण्यासाठी, काही दिवस करतो. शहरात मात्र हजारो प्रकाश सापळे वर्षभर चालू आहेत, आणि त्यांत शत्रू-मित्र असा भेद नाही. परागीभवन करणारे पतंग, पिकाला उपयोगी असलेले कीटक, सगळेच त्या दिव्याभोवती फिरून फिरून दमतात आणि मरतात.

फुलांवर दिवसा मधमाश्या येतात तसे रात्री पतंग आणि इतर कीटक येतात. स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी काही अंधाऱ्या माळांवर मुद्दाम रस्त्यावरचे दिवे लावून पाहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, दिव्याखालच्या फुलांना रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. भेटी घटल्या, तशी फळधारणाही घटली.

काजव्याचे तर सारे जीवनच उजेडावर. नर लुकलुकून इशारा करतो, मादी त्याला लुकलुकून उत्तर देते, आणि त्यातून पुढची पिढी जन्माला येते. भोवती विजेचा झगमगाट असला तर हा इशारा दिसणार कसा? राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी या भागांत मेअखेर ते जूनमध्ये आजही काजव्यांनी झाडे पेटलेली दिसतात, कारण तिथे अजून अंधार शिल्लक आहे. मात्र काजवे पाहायला जाणारे पर्यटक गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी चालू ठेवतात, आणि ज्याला पाहायला गेले त्यालाच पळवून लावतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे उदाहरण घ्या. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने त्यांचे रक्षण सुरू केले. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूला धावते, कारण लाखो वर्षे रात्री समुद्राचेच पाणी जमिनीपेक्षा उजळ दिसत आले आहे. किनाऱ्यामागे हॉटेलांचे दिवे लागले की पिल्लू समुद्राकडे पाठ करून त्या दिव्यांकडे जाते, आणि तिथे कुत्रे, कावळे नाही तर ऊन त्याची वाट पाहत असते.

पक्ष्यांचे पाहा. बरेच पक्षी स्थलांतर रात्रीच करतात आणि दिशा ओळखण्यासाठी ताऱ्यांचा आधार घेतात. अमेरिकेतल्या शिकागो शहरात ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच रात्री, एकाच काचेच्या प्रदर्शन केंद्रावर आदळून सुमारे १,००० पक्षी मेले. आपल्या देशातही आसाममधल्या जतिंगा गावी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या धुक्याच्या, बिनचांदण्याच्या रात्री पक्षी दिव्यांकडे झेपावून खाली येतात, हे अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. आणि केवळ पक्षीच कशाला? दक्षिण आफ्रिकेतला शेणाच्या गोळ्या ढकलत नेणारा एक किडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून आपली वाट सरळ ठेवतो, असे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. शेणकिड्यालाही आभाळ लागते, वाचकहो!

झाडांनाही रात्र लागते. शेवंती आणि सोयाबीन यांसारखी पिके रात्र पुरेशी लांब झाली की फुलावर येतात. म्हणून शेवंतीचे फूल उशिरा यावे असे वाटल्यास फुलशेतीवाले रात्री पिकावर बल्ब लावतात. तेच मोठ्या रस्त्याच्या दिव्याखाली सोयाबीनच्या ओळी आल्या, तर शेजारचे पीक वाळून काढणीला येते आणि दिव्याखालचे हिरवेच राहते. ज्या झाडांना आपण हौसेने दिव्यांच्या माळा गुंडाळतो, त्यांना काय होत असेल? २०२४ मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदरमधल्या झाडांवरच्या रोषणाईबाबत न्यायालयाने शासनाला व महापालिकांना नोटिसा काढल्या, आणि मुंबई महापालिकेने झाडांवरचे दिवे उतरवण्याचे आदेश दिले.

थोडा पैशाचा हिशेब

आमच्यासारख्या आकडेमोडीत आयुष्य घालवणाऱ्या कारकुनाला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. समजा, एखाद्या इमारतीच्या भिंतीवर केवळ शोभेसाठी २०० वॅटचा एक झोत लावला आहे. रात्री ११ पासून सकाळी ६ पर्यंत, म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो ७ तास जळतो. रोजचे १.४ युनिट. वर्षाचे ५११ युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या दोन खोल्यांच्या कुटुंबाला ही वीज पाच महिने पुरेल. आणि हा फक्त एक दिवा! अशा इमारतीवर दहा-वीस झोत सहज असतात.

ही वीज येते कुठून? आपल्या देशातली बहुतांश वीज आजही कोळशावर होते. एका युनिटला साधारण पाऊण किलोपर्यंत कोळसा लागतो. म्हणजे शोभेच्या त्या एका झोतापायी वर्षाला तीनशे किलोहून अधिक कोळसा जळतो, आणि दहा झोतांपायी तीन टनांहून अधिक. हा कोळसा चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी जळतो. तिथली राख तिथल्या कष्टकरी माणसांच्या छातीत जाते, आणि इथे आभाळ उजळते.

कायदा काय सांगतो?

आवाजासाठी आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यातही १९८७ च्या दुरुस्तीने आवाजाचा समावेश झाला. उजेडासाठी मात्र असा स्वतंत्र कायदा देशात नाही. म्हणून आपण हतबल आहोत काय? मुळीच नाही. सार्वजनिक उपद्रव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सांगितलेला आहे, आणि असा उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना दिला आहे. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते. २०१८ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्ह भागातल्या एका रहिवाशाने रात्रीच्या झगमगत्या दिव्यांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा ती चांगलीच गाजली होती. एक साधा नागरिक प्रश्न विचारू शकतो, हे त्यातून दिसले.

जाहिरातीच्या फलकांना महापालिकेची परवानगी लागते. एप्रिल २०२३ मध्ये आपल्याच शहरात किवळे येथे फलक कोसळून ५ जणांचा जीव गेला, त्यानंतर फलकांच्या मजबुतीची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण फलकाचा सांगाडा तपासताना त्याचा उजेड कुणाच्या खिडकीत जातो आणि तो किती वाजता बंद व्हावा, हेही परवानगीच्या अटींत लिहिले गेले पाहिजे. फ्रान्समध्ये २०१३ पासूनच असे नियम आहेत. काम संपल्यावर एका तासात कार्यालयांचे दिवे बंद करायचे आणि इमारतींच्या दर्शनी भागावरची रोषणाई रात्री १ वाजता विझवायची. तिथे हे जमते, मग आपल्याला का जमू नये?

पेंचने करून दाखवले

परदेशाचे उदाहरण पुरे. आपल्याच महाराष्ट्राचे घेऊ. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये "डार्क स्काय पार्क" म्हणजे काळोख्या आकाशाचे उद्यान हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतात हा मान मिळवणारे पेंच पहिलेच. त्याआधी २०२२ मध्ये लडाखमधल्या हानले परिसराला काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले होते, पण ते आपल्यापासून फार दूर, हिमालयाच्या उंचीवर. पेंच आपल्या ओळखीचे.

तिथे काय केले? गावे अंधारात ढकलली नाहीत. सिल्लारी, पिपरिया, खापा आदी गावांतले रस्त्यावरचे आणि सार्वजनिक जागांवरचे शंभरहून अधिक दिवे बदलले आणि उजेड फक्त जमिनीवर पडेल असे दिवे बसवले. वाट उजळली आणि आभाळ काळे राहिले. आता लोक तिथे दुर्बिणीतून तारे पाहायला जातात आणि त्यातून गावातल्या हातांना काम मिळण्याची वाट मोकळी झाली.

आणखी एक गोष्ट. ताडोबा, मेळघाट, पेंच या जंगलांत वनखाते दरवर्षी कोणत्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची नोंद करते, ठाऊक आहे? बुद्ध पौर्णिमेच्या रात्री! वैशाखात पाणी आटलेले असते, म्हणून प्राणी उरलेल्या पाणवठ्यावर येतातच. आणि चंद्राचा उजेड इतका असतो, की मचाणावर बसलेल्या माणसाला विजेरी न लावताही वाघ, गवा, अस्वल ओळखता येते. आपल्या दृष्टीने वर्षातली सर्वांत पवित्र असलेली ही पौर्णिमा अंधार असलेल्या जागीच एवढी उजळ दिसते. थेरगावात ती कधी उगवली आणि कधी मावळली, हेही कळत नाही.

आपल्या जयंतीचा विचार

दुसऱ्यांना सांगताना आपल्याही घरात पाहावे लागते. १४ एप्रिल हा आपला आनंदाचा दिवस. चौक सजावा, पुतळ्याला रोषणाई व्हावी, यात गैर काहीच नाही. पण अलीकडे आपल्याही काही मंडळांच्या मिरवणुकीत आभाळात फिरणारे झोत आणि लेसर आले आहेत. २०२३ मध्ये विसर्जन मिरवणुकांनंतर पुणे आणि कोल्हापूर भागात लेसरमुळे तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी नेत्रतज्ज्ञांकडे आल्या, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. जो महामानव वाचून वाचून डोळे झिजवत होता, त्याच्या जयंतीत एखाद्या पोराचा डोळा जावा, हे कुणाला रुचेल? बोधिवृक्षाला दिव्यांच्या माळा आवळण्यापेक्षा त्याच्या पारावर एक साधा पिवळा दिवा लावावा. लेसरच्या भाड्याचे पैसे अभ्यासिकेच्या दिव्यांना आणि पुस्तकांना द्यावेत.

काय करता येईल?

१) प्रथम अंधारी गल्ली. आपल्या गल्लीत, शौचालयाच्या वाटेवर, बसथांब्यावर कोणते दिवे बंद आहेत, याची खांबनिहाय यादी महिला मंडळाने करावी आणि क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी. महापालिकेच्या सारथी मदतवाहिनीवरही तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

२) त्याच अर्जात दुसरी यादी जोडावी : कोणता फलक, कोणता झोत कुणाच्या खिडकीत उजेड टाकतो. दोन्ही याद्या एकत्र गेल्या, म्हणजे "यांना उजेड नको" असे कुणी म्हणू शकणार नाही.

३) नवा दिवा मागताना टोपी असलेला, खाली तोंड केलेला आणि पिवळसर उजेडाचा मागावा. दुकानात त्याला "वॉर्म व्हाइट" म्हणतात. खोक्यावर २७०० किंवा ३००० हा आकडा पाहून घ्यावा. ६५०० लिहिलेला दिवा निळसर पांढरा असतो.

४) सोसायटीत राहणाऱ्या आपल्या बांधवांनी सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा : शोभेचे दिवे रात्री ११ नंतर बंद. जिन्यात आणि पार्किंगमध्ये माणूस आला की लागणारे दिवे बसवावेत. सभासदांच्या देखभाल खर्चातही बचत होईल.

५) कामगार संघटनांनी कारखान्याच्या व्यवस्थापनापुढे रात्रपाळीचा प्रश्न मांडताना पाळी किती दिवसांनी बदलते आणि दोन पाळ्यांमध्ये विश्रांती किती मिळते, याची चर्चा करावी.

६) घरात निजण्याआधी एक तास मोठा दिवा आणि मोबाइल बंद करावा. लहान मुलांच्या उशाशी दिवा हवाच असेल, तर तो लहान आणि पिवळा असावा.

पोरांना आभाळ दाखवा

२०२३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो शास्त्रज्ञांनी एकट्याने केलेला नव्हता. जगभरातल्या सामान्य लोकांनी आपापल्या अंगणातून आभाळ पाहून २०११ ते २०२२ या काळात ५१,००० हून अधिक नोंदी पाठवल्या होत्या. त्यावरून रात्रीचे आभाळ दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे दिसले. हा वेग असाच राहिला, तर ज्या जागी मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते मूल अठरा वर्षांचे होईल तेव्हा १०० च तारे दिसतील.

आपल्या खेड्यातली म्हातारी माणसे सप्तर्षीला "म्हातारीची बाज" म्हणत. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन तारे म्हणजे बाज पळवायला आलेले तीन चोर. विदर्भातल्या गोंड समाजातही हीच गोष्ट आहे. पुस्तक हाती धरण्याचा हक्क नव्हता त्या काळात आपल्या पूर्वजांना वाचायला एवढे एकच पान खुले होते. त्यावर कुणाची बंदी नव्हती आणि त्याला स्पर्शाचा विटाळ होत नव्हता. ते पान आता आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोरून पुसले जात आहे.

म्हणून येत्या हिवाळ्यात एक करा. थंडीतल्या एखाद्या अमावस्येला, रात्री नऊच्या सुमारास, मुलांना घेऊन पवनेच्या काठी किंवा गच्चीवर जा. वीस मिनिटे मोबाइल खिशात ठेवा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. पूर्वेला मृग नक्षत्र दिसेल : एका ओळीत तीन तारे आणि भोवती चार. त्या चौकटीत किती तारे दिसतात ते मुलांना मोजू द्या आणि वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा. मग दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत गावी गेल्यावर तेच नक्षत्र पाहून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. क्षेत्रीय कार्यालयाच्या अर्जाला ती वहीची पाने जोडा. आपल्या पोरांनी स्वतः मोजून लिहिलेले हे आकडे साहेबांना वाचावेच लागतील.